साडेतीन इंची स्क्रीनवर पाच जुने गेम: एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

सातारा जिल्ह्यात तालुक्याच्या गावी 1990च्या दशकात कॉम्प्युटर क्लास चालवणारे एक शिक्षक आता निवृत्त होऊन ठाण्यात राहतात. ओळख उघड होऊ नये म्हणून इथे त्यांना मामा म्हटलं आहे. तांत्रिक काम त्यांच्या भाचीने केलं. ती सॉफ्टवेअरमध्ये आहे, पण जुन्या गेमशी तिचा त्याआधी संबंध नव्हता.

मामांकडे साडेतीन इंची फ्लॉप्यांचा एक डबा होता. क्लासमध्ये डॉस (विंडोजच्या आधीची, आज्ञा टाइप करून चालवायची ऑपरेटिंग सिस्टीम) आणि लोटस या स्प्रेडशीटचे धडे संपले की मुलं ज्या गेमवर तुटून पडायची, ते त्यात होते. त्यांनी भाचीला पाच नावं दिली: डिगर (1983), प्रिन्स ऑफ पर्शियाची डॉस आवृत्ती (1990), डूम (1993), सिमसिटी 2000 आणि मुलाच्या आग्रहाखातर एज ऑफ एम्पायर्स (1997). अपेक्षा साधी होती. लॅपटॉप उघडायला न लागता, आरामखुर्चीत बसून किंवा गाडीत खेळता यावं. बजेट दहा हजारांच्या आत.

पाचही गेम आजच्या मानाने चिमुकले आहेत. डिगर मूळ आयबीएम पीसीच्या 4.77 मेगाहर्ट्झच्या प्रोसेसरसाठी लिहिलेला. त्यामुळे कुठलंही स्वस्त हँडहेल्ड, म्हणजे हातात धरून खेळायचं छोटं गेमयंत्र, हे सहज पेलेल, असं दोघांनी धरलं होतं. प्रोसेसरपुरतं ते बरंचसं खरं निघालं. वेळ गेला तो भलत्याच गोष्टींत.

अडचण

जुने कॉम्प्युटर गेम आणि जुने कन्सोल गेम यांत मोठा फरक आहे. कन्सोलचा गेम त्याच्याच कंट्रोलरसाठी बनलेला असतो, म्हणून हँडहेल्डवर आणला की बटणं आपोआप जुळतात. पीसीच्या गेमने कुठलंच बंधन पाळलेलं नसतं. डिगरमध्ये गोळी एफ1ने सुटते. प्रिन्समध्ये शिफ्ट धरून सावकाश पाऊल टाकावं लागतं आणि कंट्रोल-जी दाबून गेम सेव्ह होतो. सिमसिटी माऊसशिवाय जवळपास चालतच नाही. कोणी सीपीयूच्या वेगावर विसंबलेला, कोणी टायमरवर. कोणी 320×200 मध्ये चित्र काढतो, कोणी 640×480 मध्ये. कारण ते सगळे चौदा इंची मॉनिटर, टेबल आणि 101 कींचा कीबोर्ड गृहीत धरून लिहिलेले.

म्हणून यंत्र कुठलं घ्यायचं, हा प्रश्न पुरेसा नव्हता. प्रत्येक गेमला स्वतंत्रपणे विचारायला हवं होतं: याची बटणं कशी बसतील, याची अक्षरं वाचता येतील का, आणि हा एम्युलेटरमध्ये (जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये) चालवायचा की याचं इंजिन, म्हणजे गेम चालवणारा मूळ प्रोग्राम, नव्याने लिहिलेलं मिळतं? भाचीला हे प्रश्न उशिरा, एकेका अडचणीतून सापडले.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय होता स्टीम डेक, व्हॉल्व्ह कंपनीचं मोठं हँडहेल्ड. आत एएमडीचा एक्स86 प्रोसेसर, 16 जीबी मेमरी आणि 7 इंची 1280×800 स्क्रीन. डॉसची नक्कल करणारा डॉसबॉक्स, जुन्या साहसी गेमसाठी स्कमव्हीएम आणि विंडोज गेमसाठी प्रोटॉन, सगळंच त्यावर चालतं. पण भारतात तो अधिकृतपणे विकला जात नाही. आयात केलेला घ्यायचा तर किंमत बजेटच्या कितीतरी पुढे जाते, आणि दुरुस्तीची वेळ आली तर जायचं कुठे, हा प्रश्न उरतो. शिवाय वजन साडेसहाशे ग्रॅमच्या घरात. पडल्या पडल्या धरून खेळायला मामांच्या मनगटाला ते जड गेलं असतं.

दुसरा पर्याय म्हणजे घरातला अँड्रॉइड फोन आणि ब्लूटूथ कंट्रोलर. सर्वांत स्वस्त मार्ग हाच. पण फोन वाजला की गेम बाजूला, आणि फोनच्या लांबट स्क्रीनवर 4:3 आकाराच्या चित्राभोवती दोन्हीकडे रुंद काळे पट्टे. मामांना फोन आणि खेळ वेगळे हवे होते. हा पर्याय लगेच मागे पडला.

तिसरा पर्याय अँबरनिकच्या आरजी35एक्सएक्स एच या छोट्या लिनक्स हँडहेल्डचा. ऑलविनर एच700 चिप, चार कॉर्टेक्स-ए53 कोअर, 1 जीबी मेमरी, साडेतीन इंची 640×480 स्क्रीन, दोन अॅनालॉग स्टिक, दोन मायक्रोएसडी स्लॉट आणि मिनी एचडीएमआय. बजेटमध्ये बसणारं आणि खिशात मावणारं. भाचीचा कौल इकडे पडला त्यामागे एक नेमकं कारण होतं. स्क्रीन 4:3 आणि बरोबर 640×480 आहे, म्हणजे व्हीजीए या त्या काळच्या पीसीच्या चित्रपद्धतीशी तंतोतंत जुळणारी. कारण चुकीचं नव्हतं, पण ते रिझोल्यूशनबद्दल होतं, आकाराबद्दल नाही. पुढे सिमसिटीपाशी या फरकाने गाठलं.

खरेदीच्या आधी एज ऑफ एम्पायर्सबद्दल निर्णय झाला नाही. "बघू, जमलं तर," असं म्हणून तो यादीत राहिला.

फ्लॉपीतून फाइली काढणं

मूळ खोक्यातून आलेला गेम एकच, प्रिन्स. एका माजी विद्यार्थ्याने तो अमेरिकेहून आणून दिला होता, पण मॅन्युअल केव्हाच हरवलेलं. डूमची शेअरवेअर आवृत्ती होती. पहिल्या एपिसोडचे नऊ लेव्हल लोकांनी एकमेकांना द्यावेत म्हणूनच ती काढली होती, त्यामुळे तिच्या वापरात अडचण नाही. डिगर आणि सिमसिटी मात्र क्लासांतून फिरलेल्या प्रती होत्या. सिमसिटी 2000 जीओजी या जुने गेम विकणाऱ्या वेबसाइटवर आजही विकत मिळतो, तो विकत घेतला. डिगरची रीमास्टर्ड आवृत्ती मुक्त सोर्ससह विनामूल्य उपलब्ध आहे. ही वाटणी सुरुवातीलाच केल्यामुळे डबाभर फ्लॉप्यांपैकी मोजक्याच वाचायच्या उरल्या.

फ्लॉपी वाचण्याआधी तिचं पत्र्याचं झाकण बोटाने सरकवून आतली तबकडी उजेडात तिरकी धरून पाहावी. मागचा धातूचा गोल बोटाने फिरवला की सगळा पृष्ठभाग दिसतो. आपल्याकडच्या पावसाळ्यातल्या दमटपणामुळे तबकडीवर पांढुरकी बुरशी धरते. अशी फ्लॉपी तशीच ड्राइव्हमध्ये घातली तर बुरशी रीड हेडला चिकटते, आणि त्यानंतर चांगल्या फ्लॉप्याही वाचल्या जात नाहीत किंवा चक्क ओरखडतात. प्रिन्सच्या फ्लॉपीवर असे डाग होते. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये जेमतेम ओलसर केलेल्या, धागे न सुटणाऱ्या स्वॅबने मधून कडेकडे हलक्या हाताने पुसून, पूर्ण वाळू देऊन मगच ती ड्राइव्हमध्ये घातली. नंतर ड्राइव्हचं हेडही पुसलं.

वाचण्यासाठी साधा यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह वापरला. फ्लॉपीच्या कोपऱ्यातली खिटी सरकवून भोक उघडं ठेवलं की तिच्यावर लिहिणं बंद होतं. हे आधी करायचं. मग लिनक्सवर डीडीरेस्क्यू या खराब डिस्क वाचणाऱ्या प्रोग्रामने पूर्ण इमेज, म्हणजे फ्लॉपीची जशीच्या तशी एका फाइलीतली प्रत, घेतली: पहिल्या फेरीत अडलेले सेक्टर सोडून पुढे जायचं, दुसऱ्या फेरीत फक्त तेवढेच तीन वेळा पुन्हा वाचायचे. 720 केबीच्या फ्लॉपीची पूर्ण इमेज 7,37,280 बाइटची आणि 1.44 एमबीची 14,74,560 बाइटची भरते. आकडा कमी भरला तर इमेज अपुरी आहे. पण आकडा जुळला म्हणून सगळं वाचलं गेलं असंही नाही, त्यासाठी कुठले सेक्टर वाचले गेले याची नोंद ठेवणारी डीडीरेस्क्यूची मॅप फाइल पाहावी लागते. प्रिन्सचे काही सेक्टर पहिल्या ड्राइव्हवर निघालेच नाहीत. तीच मॅप फाइल ठेवून दुसऱ्या ड्राइव्हवर फेरी केली तेव्हा ते निघाले. दोन ड्राइव्हची हेड कधीच अगदी एका रेषेत नसतात, म्हणून एकाला न दिसलेलं दुसऱ्याला दिसतं.

इथे एक गोष्ट कटाक्षाने पाळली गेली. इमेजमधून फक्त फाइली बाहेर काढल्या, इमेज बूट केली नाही, म्हणजे तिच्यावरून यंत्र सुरू केलं नाही. त्या काळच्या क्लासमधल्या फ्लॉप्यांत बूट सेक्टर व्हायरस असणं नेहमीचं होतं. भारतातच 1990मध्ये सापडलेला जोशी व्हायरस तर 5 जानेवारीला यंत्र अडवून 'हॅपी बर्थडे जोशी' टाइप करायला लावायचा. असा व्हायरस लिनक्सला काही करत नाही, पण बूट केलेल्या इमेजमधून एम्युलेटरमधल्या डॉसच्या डिस्कमध्ये शिरू शकतो. 7-झिपसारखा प्रोग्राम फ्लॉपीची इमेज फोल्डरसारखी उघडतो. त्यातून फाइली घेतल्या, क्लॅमएव्ही या अँटिव्हायरसने तपासल्या आणि मगच पुढचं काम सुरू केलं.

यंत्राची तयारी

हँडहेल्डबरोबर येणाऱ्या मेमरी कार्डावर विसंबू नये. ते बिनब्रँडचं असतं आणि काही महिन्यांत दगा देऊ शकतं. भाचीने आधी त्या कार्डाची इमेज लॅपटॉपवर घेऊन ठेवली. मग नामांकित कंपनीची दोन कार्डं आणली. एकावर म्युओएस हे फर्मवेअर (यंत्र चालवणारी सिस्टीम) एचर या कार्ड लिहिणाऱ्या प्रोग्रामने लिहून ते टीएफ1 स्लॉटमध्ये घातलं. दुसरं एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून गेमसाठी टीएफ2मध्ये. सिस्टीम आणि गेम असे वेगळे ठेवले की फर्मवेअर बदलताना गेमना आणि सेव्हना हात लागत नाही. चार्जिंगसाठी 5 व्होल्टचा साधा चार्जर आणि यूएसबी-ए ते सी केबल ठेवली. लॅपटॉपचा जलद चार्जर अशा यंत्रांना लावू नये.

रेट्रोआर्च हा अनेक एम्युलेटर एकत्र चालवणारा प्रोग्राम; त्यातल्या प्रत्येक एम्युलेटरला किंवा इंजिनला कोअर म्हणतात. डॉस गेमसाठी त्यातला डॉसबॉक्स प्युअर हा कोअर निवडला. तो झिप फाइल थेट उघडतो आणि तिला सी ड्राइव्ह मानतो. आत कुठकुठल्या ईएक्सई, कॉम आणि बॅट फाइली आहेत त्याची यादी समोर ठेवतो. कॉन्फिगरेशनच्या फाइलीत ओळी लिहीत बसावं लागत नाही. इन्स्टॉलर असलेला गेम आधी लॅपटॉपवरच्या डॉसबॉक्समध्ये इन्स्टॉल करायचा, साउंड कार्ड म्हणून साउंड ब्लास्टर, पोर्ट 220, आयआरक्यू 7, डीएमए 1 निवडायचं आणि तयार झालेला फोल्डर झिप करायचा. जीओजीचा इन्स्टॉलर लिनक्सवर इनोएक्स्ट्रॅक्ट या प्रोग्रामने सोडवून आतल्या फाइली काढता येतात.

एकेक गेम

डिगरपासून सुरुवात झाली, आणि पहिला धक्काही तिथेच बसला. तुलना करून पाहण्यासाठी भाचीने आधी फ्लॉपीवरची जुनी फाइल चालवली. राक्षस दिसायच्या आत खेळ संपत होता. डॉसबॉक्समध्ये सीपीयूचा वेग सायकल्समध्ये मोजतात. मूळ पीसीचा 4.77 मेगाहर्ट्झचा वेग साधारण 315 सायकल्सना बसतो, आणि डॉसबॉक्स रिअल मोडच्या, म्हणजे जुन्या साध्या पद्धतीच्या, गेमना ठरावीक 3000 देतो. म्हणजे जवळजवळ दहापट वेग. डिगर प्रोसेसर जितका धावेल तितका धावतो. कोअरच्या पर्यायांमध्ये 8088चा, म्हणजे मूळ पीसीच्या प्रोसेसरचा, वेग निवडला, आणि मामा म्हणाले, "हां, हाच डिगर."

दुसऱ्या दिवशी सिमसिटी उघडला तर माऊसचा बाण कासवाच्या गतीने सरकत होता. सगळा संशय स्वस्त चिपवर गेला, त्यापायी यंत्र परत करायचंही बोलणं झालं. चूक वेगळीच होती. डिगरसाठी बदललेली सेटिंग कोअरपुरती सेव्ह झाली होती, म्हणजे त्या कोअरमध्ये चालणाऱ्या प्रत्येक गेमला 8088चा वेग मिळत होता. रेट्रोआर्चमध्ये कोअर ऑप्शन्स, मग मॅनेज कोअर ऑप्शन्स, मग सेव्ह गेम ऑप्शन्स असं केलं तरच बदल त्या एका गेमपुरता राहतो. सिमसिटीला 486डीएक्स2, 66 मेगाहर्ट्झचा पर्याय, म्हणजे 26800 सायकल्स, दिला आणि तो सुरळीत चालला. एकाच कोअरमध्ये 1983चा आणि 1993चा गेम चालवणाऱ्या कोणालाही हा खड्डा लागणारच. डिगरसाठी शेवटी रीमास्टर्ड आवृत्ती ठेवली, ती स्वतःचा वेग स्वतः सांभाळते. गोळीचा एफ1 एका बटणावर नेमला.

प्रिन्सला वेगाची अडचण नव्हती, तो टायमरवर चालतो. अडचण आली अंगठ्याची. कठड्याला धरून वर चढायला फक्त वरची की लागते. छोट्या डी-पॅडवर (दिशांच्या अधिक-आकाराच्या बटणावर) वर दाबताना अंगठा जरा उजवीकडे कलला की वर-उजवीकडे असं वाचलं जातं, आणि राजपुत्र चढायच्या ऐवजी पुढे उडी मारून खड्ड्यातल्या सळ्यांवर पडतो. साठ मिनिटांच्या घड्याळावर चालणाऱ्या गेममध्ये हे फार खुपतं. डॉसबॉक्स प्युअरच्या मॅपरमध्ये (कुठलं बटण कुठली की ते ठरवायच्या पानावर) वरची की आणखी एका बटणाला दिली: दिशा डाव्या अंगठ्याने, चढणं आणि उडी उजव्या अंगठ्याने, शिफ्ट खांद्याच्या बटणावर. एवढ्याने निम्मे अपघात थांबले.

मग पहिला लेव्हल ओलांडल्यावर पोशनची खोली आली. त्या काळची ही कॉपी प्रोटेक्शन. मॅन्युअलच्या अमुक पानावर, अमुक ओळीतल्या अमुक शब्दाचं पहिलं अक्षर शोधून त्या अक्षराजवळचं औषध प्यायचं. मॅन्युअलच नाही, म्हणजे मूळ फ्लॉपी हातात असूनही दार बंद. इथे दोन वाटा होत्या. मॅन्युअलचं स्कॅन शोधायचं, किंवा एसडीएलपॉप वापरायचं. एसडीएलपॉप म्हणजे डॉस आवृत्तीचा कोड उलगडून नव्याने लिहिलेलं, मुक्त सोर्सचं इंजिन. त्यात हे प्रोटेक्शन मुळातच बंद असतं, कंट्रोलरवर उडीला स्वतंत्र बटण असतं आणि कुठेही क्विकसेव्ह करता येतं. पोर्टमास्टर या हँडहेल्डसाठी गेम बसवून देणाऱ्या प्रोग्राममधून ते या यंत्रावर थेट बसतं. भाचीने तेच घेतलं. तलवारीचा खणखणाट, पावलांची लय, गळून पडणाऱ्या फरशा, सगळं जसंच्या तसं आहे. ज्यांना प्रिन्स मनापासून आवडतो त्यांनी आज हँडहेल्डवर तो असाच खेळावा.

डूमबाबत या अनुभवाचा फायदा झाला. डूमचा सोर्स 1997मध्ये खुला झाला, त्यामुळे त्याला डॉसच्या एम्युलेशनची गरज नाही. डॉसबॉक्समध्ये ए53 चिप त्याच्यासाठी धापा टाकते. खुल्या सोर्सवरून बनलेल्या प्रबूम कोअरमध्ये तोच गेम 'डूम1.डब्ल्यूएडी' या सुमारे 4 एमबीच्या फाइलीवर बिनतक्रार पळतो. मात्र त्या कोअरला स्वतःची 'प्रबूम.डब्ल्यूएडी' ही फाइलही सोबत लागते. ती नसली की गेम सुरूच होत नाही आणि कारणही धड सांगत नाही. भाचीचा थोडा वेळ इथे गेला.

चित्राचा आकार

डिगर, प्रिन्स आणि डूम हे तिघेही 320×200 मध्ये चित्र काढतात. 640×480च्या स्क्रीनवर रुंदी बरोबर दुप्पट होते, पण उंची 2.4 पट. पिक्सेल अर्धवट कापता येत नाही, म्हणून दर पाच ओळींमागे तीन ओळी दोन पिक्सेलच्या आणि दोन ओळी तीन पिक्सेलच्या होतात. चित्र सरकलं की विटांच्या भिंतीवर लाटा उठल्यासारख्या दिसतात. इंटिजर स्केलिंग, म्हणजे फक्त पूर्ण पटीत मोठं करणं, लावलं तर चित्र 640×400 होतं, वरखाली 40 ओळींचे काळे पट्टे येतात आणि सगळे बुटके दिसतात. कारण जुन्या मॉनिटरवर या 200 ओळी ताणूनच 4:3 आकाराच्या काचेवर बसायच्या. मामांना बुटका राजपुत्र पाहताक्षणी खटकला. डिगर आणि डूम रेट्रोआर्चमधून चालतात, त्यांना पूर्ण 4:3 आकार ठेवून शार्प-बायलिनिअर शेडर (चित्रावर चढवायचा फिल्टर) लावला. कडा किंचित मऊ होतात, लाटा जातात. एसडीएलपॉप रेट्रोआर्चच्या बाहेर चालतो. त्याला त्याच्याच सेटिंगमध्ये 4:3 प्रमाण चालू करून दिलं.

सिमसिटी 2000 मुळातच 640×480 मध्ये चालतो, म्हणजे एकास एक. कागदावर हे सर्वांत सुरेख जमायला हवं होतं. पण साडेतीन इंची 4:3 स्क्रीनची रुंदी 71 मिलिमीटर असते. ती 640 पिक्सेलनी भागली की एक पिक्सेल 0.11 मिलिमीटरचा. आठ पिक्सेल उंचीचं अक्षर 0.9 मिलिमीटरही भरत नाही. चाळिशीचा चष्मा लावूनही मामांना बजेटची खिडकी वाचता येत नव्हती. "शहर दिसतंय, पण पैसे किती उरले ते दिसत नाही," असं ते म्हणाले. ज्या गेममध्ये सगळा कस पैसे सांभाळण्यात आहे, तिथे ही अडचण निर्णायक ठरते.

मिनी एचडीएमआयने टीव्हीला जोडून पाहिलं. अक्षरं वाचता आली, पण अॅनालॉग स्टिकने माऊस हलवत रस्ते आखणं कंटाळवाणं होतं, आणि टीव्हीसमोरच बसायचं तर हातात घेऊन खेळण्याचा मूळ हेतूच उरत नव्हता.

याच काळात एक अपघात घडला. यादीत नाव नीट दिसावं म्हणून भाचीने सिमसिटीच्या झिप फाइलचं नाव बदललं. पुढच्या वेळी मामांनी उघडलं तर त्यांचं शहर नाहीसं झालेलं. डॉसबॉक्स प्युअर मूळ झिपला हात लावत नाही. गेमने लिहिलेल्या सगळ्या फाइली तो सेव्हच्या फोल्डरमध्ये, झिपच्याच नावाच्या पण शेवटी 'प्युअर.झिप' असलेल्या वेगळ्या फाइलीत ठेवतो. नाव बदललं की जुनी जोडी तुटते. जुन्या सेव्हलाही तेच नवं नाव दिल्यावर शहर परत मिळालं. त्याआधी मामांनी नव्या नावाखाली नवं शहर सुरू करून सेव्ह केलं असतं, तर दोनातलं एकच ठेवता आलं असतं.

एज ऑफ एम्पायर्सवर भाचीने फार वेळ घालवला नाही. तो विंडोज 95साठीचा, डायरेक्टएक्सवर चालणारा गेम. डॉसबॉक्स प्युअरमध्ये विंडोज 95 बसवता येतं, पण त्याला पेंटियमच्या तोडीचा वेग लागतो. या चिपच्या तो आवाक्याबाहेरचा. आणि वेग मिळाला असता तरी वीस गावकऱ्यांना चौकट ओढून निवडणं स्टिकने जमणारं नाही. तो लॅपटॉपवर, आजही विकत मिळणाऱ्या डेफिनिटिव्ह आवृत्तीत गेला.

निष्पत्ती

पाचापैकी तीन गेम हँडहेल्डवर कायमचे बसले: डिगर, प्रिन्स आणि डूम. सिमसिटी लॅपटॉपवर डॉसबॉक्स स्टेजिंग या डॉसबॉक्सच्या नव्या अवतारात गेला. मामांचं शहर 'प्युअर.झिप'मधून काढून तिथे नेता आलं, कारण आतली फाइल गेमची स्वतःचीच असते. रेट्रोआर्चची सेव्ह स्टेट (एम्युलेटरने त्या क्षणाची घेतलेली नोंद) मात्र अशी दुसरीकडे नेता येत नाही. म्हणून गेमच्या आतून सेव्ह करणं हीच सवय ठेवावी, सेव्ह स्टेट सोयीपुरती.

मामा यंत्र रोज वापरतात, बहुतेक वेळा प्रिन्ससाठी. रेट्रोआर्चमधल्या गेममधून आधी मेनूने बाहेर यायचं आणि मगच पॉवरचं बटण दाबायचं, एवढा एकच नियम त्यांना पाळावा लागतो.

काय वेगळं करता आलं असतं

खरेदीच्या आधी प्रत्येक गेमसमोर तीन गोष्टी लिहून काढता आल्या असत्या: मूळ रिझोल्यूशन, लागणाऱ्या की किंवा माऊस, आणि मुक्त सोर्सचं इंजिन आहे की नाही. तेवढ्यावरूनच सिमसिटी आणि एज ऑफ एम्पायर्स यादीतून गेले असते. अक्षराच्या उंचीचं गणित तर पट्टी आणि कागदावर होतं. चार इंची 640×480 हँडहेल्ड घेतलं असतं तरी तेच अक्षर जेमतेम 1 मिलिमीटरचं झालं असतं. स्टीम डेकच्या 7 इंची स्क्रीनवर 480 ओळी पूर्ण उंचीवर ताणल्या तर ते दीड मिलिमीटरच्या पुढे जातं. सिमसिटीच सर्वांत लाडका असता, तर बजेट वाढवण्याचं समर्थन या एका आकड्याने झालं असतं. या प्रकरणात लाडका प्रिन्स होता, म्हणून लहान यंत्राची निवड योग्यच ठरली.

प्रिन्सच्या फ्लॉपीवर घेतलेले कष्ट टाळता आले असते का? खेळण्यापुरतं पाहिलं तर हो, एसडीएलपॉपने काम झालं. तरीही डब्यातल्या फ्लॉप्या आणखी एका पावसाळ्यापूर्वी वाचून ठेवणं गरजेचंच होतं. त्यांत मुलांनी जीडब्ल्यू-बेसिकमध्ये लिहिलेले प्रोग्राम निघाले, जे दुसरीकडे कुठेच नाहीत. बेसिकच्या या फाइली साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये कचरा दिसतात, कारण जीडब्ल्यू-बेसिक त्या सांकेतिक स्वरूपात सेव्ह करतो. उघडून 'ए' पर्यायाने पुन्हा सेव्ह केल्या की वाचता येण्याजोगा मजकूर मिळतो. डबा उपसण्याची सुरुवात यांच्यापासून व्हायला हवी होती. गेम पुन्हा मिळतात.

डी-पॅडची चाचणीही आधी करता येते. रेट्रोआर्चमध्ये कुठलाही गेम लावून वरची दिशा दाबून अंगठा हळूहळू डावी-उजवीकडे कलवायचा आणि किती कललं की तिरकी दिशा लागते ते पाहायचं. परत करण्याच्या मुदतीत हे केलं, तर सदोष डी-पॅडचं यंत्र बदलून मिळू शकतं.

आणि झिप फाइलींची नावं पहिल्याच दिवशी ठरवून टाकायची, नंतर त्यांना हात लावायचा नाही. यादीत दिसणारं नाव फर्मवेअरच्या सेटिंगमधून वेगळं देता येतं. सेव्हचा फोल्डर आठवड्यातून एकदा लॅपटॉपवर उतरवून घेणं आता भाची करते. सगळे सेव्ह मिळून काही एमबीसुद्धा भरत नाहीत.